आण्णांचा उणे चढ

मंचरला माझं औषधांचं दुकान आहे आणि त्याला खेटूनच एक झेरॉक्सचं. वर्षभर शेजारी सातबारे, रेशनकार्डं आणि लग्नपत्रिकांचे नमुने घेऊन माणसं येत असतात. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की ती गर्दी बदलते. निळ्या-पांढऱ्या युनिफॉर्ममधल्या पोरीपोरांची रांग थेट माझ्या काउंटरपर्यंत येते. कुणाच्या हातात सराव प्रश्नपत्रिका, कुणाकडे ताईची जुनी वही. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाला त्यांच्यातून वाट काढावी लागते. मी कधी रागवत नाही. मला ती रांग आवडते. या दिवसांतली हवासुद्धा आवडते. सकाळी स्वेटर लागतो आणि अकरा वाजता तो कमरेला बांधावा लागतो. नारायणगावकडून येणाऱ्या टेम्पोतून द्राक्षांचा वास रस्त्यावर सांडत जातो आणि सगळ्या गावातली दहावीची पोरं एकाच वेळी पुटपुटत असल्यासारखी वाटतात.

परवा रांगेतली एक मुलगी माझ्या काउंटरवर आलेखाचा कागद विसरून गेली. त्यावर दोन बिंदू होते आणि त्यांना जोडणारी, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली एक रेष. खाली लिहिलं होतं, ‘चढ =’. पुढं कोरं. वीस-बावीस वर्षांत मी असलं काही सोडवलं नव्हतं. पण हातातलं पेन माझ्या आधी हललं. मी लिहिलं, उणे दोन छेद तीन. तेवढ्यात ती मुलगी धापा टाकत परत आली.

“काकू, हे तुम्ही सोडवलं?”

“हो.”

“पण यात उणे कुठून आलं?”

मी तोंड उघडलं, तोच रांगेतून तिला हाक आली आणि ती कागद घेऊन पळाली. उत्तर माझ्याकडेच राहिलं. ते दोन ओळींचं नाहीच मुळी. त्याला एक अख्खा मोसम लागतो.

तेव्हा आम्ही येडगावला राहायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी नारायणगावच्या शाळेत दहावीला होते. माझे वडील, आण्णा, पाटबंधारे खात्यात खलाशी होते. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं. आण्णांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. कालव्याची मोजणी करताना दुर्बिणीतून बघणारे साहेब असतात आणि समोर लांब कुठंतरी उंच, लाल-काळ्या आकड्यांची पट्टी उभी धरून थांबणारा एक माणूस असतो. तो माणूस म्हणजे खलाशी. सतरा वर्षं आण्णा ती पट्टी धरत होते. उन्हात उभं राहून त्यांची मान मागून विटेच्या रंगाची झाली होती आणि बोलताना समोरच्याकडे नव्हे, लांब कुठंतरी बघायची त्यांना सवय लागली होती.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ते सायकलच्या कॅरियरला पुस्तकांचा गठ्ठा बांधून आले. दहावीची जुनी पुस्तकं. मला वाटलं माझ्यासाठी.

“माझी हैत,” आण्णा म्हणाले. “मी सतरा नंबरचा फारम भरलाय.”

आई चुलीपुढून उठून बाहेर आली. “कसला फारम?”

“भायेरून दहावीला बसायचा. कालवा निरीक्षकाच्या जागा निघत्यात. आतल्याच माणसांतून भरायच्यात, पण दहावी पास पायजे. अन् पुढल्या वर्सी माझं वय बसत नाय.”

आण्णांनी नववीत शाळा सोडली होती. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, “म्हंजे एका घरात दोन दहाव्या? बाई गं, मंग मला दोन कंदील लागतील.” आणि हसत परत आत गेली. मला मात्र हसू आलं नाही.  वर्गात हे कळलं तर? वडील आणि मुलगी एकाच वर्षी, एकाच केंद्रावर! संगीता म्हणून माझी बेंचवरची मैत्रीण होती. तिला काहीही सांगितलं की मधल्या सुट्टीपर्यंत ते शाळाभर व्हायचं. मी ठरवलं, कुणाला सांगायचंच नाही.

मराठी, इतिहास, भूगोल हे आण्णांना जड गेलं नाही. इतिहास तर ते गावातल्या भांडणासारखा वाचायचे, कोण चुकलं ते मोठ्यानं सांगत. बीजगणितही मुंगीच्या पावलानं का होईना, पुढं सरकत होतं. गाडी अडली ती भूमितीत, निर्देशक भूमितीच्या धड्यात. सरळ रेषा. खरं सांगायचं तर गाडी माझीही तिथंच अडली होती. फक्त माझं अडलेलं बाहेरून दिसत नव्हतं. चढाचं सूत्र मला पाठ होतं, दोन बिंदूंवरून समीकरण काढायचं सूत्र पाठ होतं. पण सहामाहीत सरांनी विचारलं होतं, ‘हा बिंदू या रेषेवर आहे का, ते ठरवा.’ आणि मी पाच मिनिटं त्या प्रश्नाकडे बघत बसले होते. त्याचं सूत्र कुठं होतं? सूत्र नाही म्हणजे मी पण नाही, अशी माझी अवस्था.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी आण्णा ओट्यावर बसायचे. शिवणाच्या सुईएवढं टोक केलेली पेन्सिल, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही. मी त्यांची मास्तरीण. एके दिवशी मी त्यांना उदाहरण घातलं: दोन कॉमा पाच आणि सहा कॉमा तीन या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा. आण्णांनी आलेखावर बिंदू बरोबर मांडले. रेष काढली. मग बोट ठेवत म्हणाले, “दोनापास्नं सहा, चार पावलं फुडं. पाचावरनं तीन, दोनाचा फरक. चारामागं दोन. चढ अर्धा.”

“उणे अर्धा, आण्णा.”

“उणं कशापायी?”

“तीन वजा पाच उणे दोन होतात म्हणून.”

“ते हिशोबाचं झालं. पण रेघ फुडं चाललीया की. फुडं चाललीया तर आकडा वाढतोच.”

मी पुन्हा सांगितलं. पुढचं उदाहरण घातलं. पुन्हा चढ धन. तिसरं घातलं. पुन्हा धन. रेष उतरती असली की आण्णा हमखास अधिक लिहायचे आणि चढती असली की कधीकधी चक्क उणे. आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी माझी शाळेची गाडी चुकायला आली होती. आण्णांनी पुन्हा अर्धा लिहिला आणि मी वही खाली आपटली.

“तुम्हाला नाही जमायचं, आण्णा! लहान पोरांना कळतं हे.”

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.  आण्णांनी पेन्सिल कानाच्या मागे खोचली, वही घडी करून कोनाड्यात ठेवली, चपला घातल्या आणि गेले. गाडीत खिडकीजवळ बसून मी सबंध रस्ताभर बाहेर बघत राहिले. वारूळवाडीच्या बागांमध्ये द्राक्षांचे घड कागदात बांधत होते. एरवी मी ते मोजत जायची. त्या दिवशी मोजले नाहीत.

त्यानंतर तीन दिवस कोनाड्यातली वही कुणी काढली नाही. आण्णा रागावले नव्हते. माझ्याशी बोलत होते, जेवताना भाकरीचा पापुद्रा काढून माझ्या ताटात ठेवत होते. तेच मला सोसेना. माणूस चिडला तर भांडता येतं. आण्णांनी माझं म्हणणं सरळ मान्य करून टाकलं होतं.

रविवारी आईनं माझ्या हातात डबा दिला. “मोजणी हाय आज पाटावर. तुझ्या बापानं भाकरी नेली नाय. देऊन ये,” ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पुढं म्हणाली, “अन् काय बोलायचं आसंल ते बोलूनबी ये.”

कालव्याचं आवर्तन संपलं होतं आणि पाणी बंद होतं. कोरडा कालवा आतून बघायला फार नवलाचा असतो. तळाला गाळाच्या पोळ्या सुकून कडा उचलून बसलेल्या, मधेच एखाद्या डबक्यात बोटाएवढे मासे आणि त्यांच्यावर डोळा ठेवून उभे बगळे. दुरुस्तीच्या आधीची मोजणी चालली होती. काठावर तिपाईवर दुर्बीण लावून निकमसाहेब उभे होते. नुकतेच नोकरीला लागलेले तरुण इंजिनियर होते ते, बोलायला मोकळे. आण्णा लांब कालव्याच्या तळात पट्टी धरून उभे होते.

“तू मनीषा ना?” साहेब म्हणाले. “तुझ्या वडिलांबरोबर तूही परीक्षेला बसतेयस, ऐकलं. बघायचंय यातून?”

मी एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. आधी नुसता उजेड, मग गोल झाला, मग त्या गोलात आण्णा आले. उलटे! पाय आभाळात, डोकं खाली, आणि डोक्यावरची टोपी मात्र पडत नव्हती. जणू त्यांना कुणी छताला चिकटवून ठेवलं होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला एवढं हसू आलं की तिपाईला धक्का लागेल म्हणून साहेबांनी मला मागे ओढलं.

“जुनं यंत्र आहे, उलटंच दाखवतं,” ते म्हणाले. “म्हणून पट्टीवरचे आकडे मुद्दाम उलटे रंगवतात. आता आकडे बघ.”

मी पुन्हा बघितलं. खरंच, आण्णा उलटे आणि आकडे सुलटे. साहेबांनी आडव्या बारीक रेषेवरचा आकडा वाचायला शिकवला. आण्णा खालच्या अंगाला वीस-पंचवीस पावलं सरकायचे, पट्टी टेकवायचे, मी आकडा वाचायची आणि साहेब लिहून घ्यायचे. एक दशांश वीस. एक दशांश चोवीस. एक दशांश एकोणतीस.

“वाढतोय की,” मी म्हणाले.

“वाढणारच. कालवा उतरतोय ना तिकडे. दुर्बीण आहे तिथेच आहे. जमीन जितकी खाली जाईल तितकी पट्टी खाली जाते आणि आपल्याला तिच्यावरचा वरचा आकडा दिसतो. जमीन उतरली की आकडा चढतो.”

मी भिंगावरून डोळा काढला. ऊन एकदम जास्तच लख्ख वाटलं. जमीन उतरली की आकडा चढतो! सतरा वर्षं आण्णा कालव्याच्या उताराला पुढं पुढं चालत होते आणि साहेब मागून ओरडून सांगत असलेला प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता. उतार म्हणजे वाढ, हे त्यांच्या हाडात जाऊन बसलं होतं. ते चुकत नव्हतेच. ते दुसऱ्याच टोकाकडून बघत होते. आणि मी त्यांना लहान पोरांशी तोललं होतं.

“साहेब,” मी म्हणाले, “आण्णांना एकदा यातून बघू द्याल? मी पट्टी धरते.”

साहेबांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “म्हणजे? त्यांनी बघितलं नाही कधी?” मग स्वतःच म्हणाले, “खरंच की. ते कायम तिकडेच असतात.”

मी पळत कालव्यात उतरले. आण्णा नको नको म्हणत होते, पण साहेबांनी हाक मारल्यावर गेले. पट्टी वाटली होती त्याहून जड निघाली. ती सरळ उभी धरायची म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वारा तिला एकीकडे ओढत होता, मनगटं दुसरीकडे. लांब काठावर आण्णांनी टोपी काढून काखेत धरली आणि वाकून भिंगाला डोळा लावला. ते बराच वेळ हलले नाहीत. मग त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले आणि कालवाभर त्यांचा आवाज आला,

“मने! पडशील गं!”

बगळे उडाले. साहेब पोट धरून हसत होते, मी हसत होते, पट्टी हलत होती. अजूनही त्या आवाजातला आनंद मला तसाच्या तसा ऐकू येतो. पुढच्या आयुष्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी घडल्या, पण आण्णांना एवढं मोकळं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही भरावावरच्या बाभळीखाली बसलो. आण्णांनी डबा उघडला. मी म्हणाले, “आण्णा, परवा मी लई वाईट बोलले.”

“जाऊ दे. खरंच व्हतं ते.”

“नव्हतं. ऐका तर.” मी काटकी घेतली आणि मातीत दोन अक्ष ओढले. दोन-पाच, सहा-तीन. मधून रेष. “हा आपला कालवा. या बिंदूवर तुमी पट्टी लावली. आता य म्हणजे पट्टीवरचा आकडा नाही. य म्हणजे तुमच्या पायाखालची जमीन. इथं जमीन पाचावर हाय. पुढं गेलात तर?”

आण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. ते त्या रेषेकडे बघत होते, मग मान वळवून कालव्याकडे, मग पुन्हा रेषेकडे.

“जमीन तिनावर,” ते हळू म्हणाले. “दोन खाली. म्हणून उणं.” आणि मग माझ्याकडे बघून, “म्हंजे मी आकडा धरून बसलो व्हतो आन् जमिनीकडं बघतच नव्हतो?”

“साहेब आकडाच ओरडतात ना. जमिनीचं कोण सांगतंय?”

त्यांनी घास खाली ठेवला, माझ्या हातातली काटकी घेतली आणि स्वतः एक चढती रेष काढली. “अधिक.” शेजारी उतरती. “उणं.” मग आडवी. “हिला काय? पाणी हलायचंच नाय. चढ शून्य.” मग त्यांनी एक उभी रेष ओढली आणि थांबले. त्या उभ्या रेषेनं मला वर्षभर छळलं होतं. तिचा चढ काढता येत नाही असं पुस्तकात लिहिलं होतं आणि मी ते पाठ केलं होतं.

“हिच्यावर पाणी ठरंलच कसं?” आण्णा म्हणाले. “फुडं एक पाऊल जायला जागाच नाय. पाऊलच नाय तर पावलामागं किती, ते कसं सांगायचं?”

शून्यानं भागता येत नाही, हे मी आठवीपासून म्हणत आले होते. ते मला कळलं मात्र त्या बाभळीखाली.

मग मी माझं अडलेलं विचारलं. मास्तरकी आता दोन्हीकडून चालली होती. बिंदू रेषेवर आहे की नाही, ते कसं ओळखायचं? आण्णांना प्रश्नच सोपा वाटला. “अगं, पाटाचा उतार एकदा ठरला की कुठल्याबी मीटरला पट्टी लाव, जमीन किती आली पायजे ते आधीच म्हायती आसतं. तितकी आली तर ती जागा बरोबर. नाय आली तर तिथं गाळ तरी हाय नायतर खड्डा.” मी समीकरण मांडलं: क्ष अधिक दोन य बरोबर बारा. क्षच्या जागी दोन ठेवले, यच्या जागी पाच. बारा आले. सहा आणि तीन ठेवले. बारा. मग उगीचच चार आणि चार ठेवून बघितले. बारा! तो बिंदू मला कुणी दिलेला नव्हता, तरी तो रेषेवर होता. म्हणजे समीकरण हे उत्तर नव्हतं. तीच रेष होती, अक्षरांत लिहिलेली. तिच्यावरचा एकूण एक बिंदू त्या एवढ्याशा ओळीत बसला होता. मी आलेख पुसून पुसून इतकी वर्षं काय करत होते, कोण जाणे.

“चार-चारला खड्डा नाय,” मी आण्णांना म्हणाले.

“बरंय. न्हायतर डागडुजी माझ्याकडंच आली आसती.”

त्या दिवसानंतर आमच्या घराला वेडच लागलं. ओट्यावर शहाबादी फरशी होती. तिच्या सांध्यांचे आम्ही अक्ष केले आणि हरभऱ्याच्या दाण्यांचे बिंदू. एक दाणा आण्णा ठेवायचे, दुसरा मी, आणि मग कोण आधी समीकरण सांगतं त्याची पैज. आई केर काढायला आली की आरंभबिंदूसकट सगळं सुपात भरायची. “माझ्या डाळीचं वाटोळं करा दोघं,” असं म्हणायची, पण एकदा मी बघितलं, आम्ही आसपास नाही असं वाटून तिनं स्वतःच दोन दाणे ठेवले आणि मधल्या फरशा मोजत होती. मी चाहूल लागू न देता मागे फिरले.

मार्च आला. आमचं दोघांचं केंद्र एकच होतं आणि माझा जुना लाजाळूपणा काही गेला नव्हता. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मी मान खाली घालून म्हणाले, “आण्णा, मी गाडीनं जाते. तुमी...”

“मी सायकलनं जातो,” आण्णा लगेच म्हणाले. “तुझ्या मैतरणी आसतील. तिथं काय मी वळख दाखवणार नाय.” इतक्या सहज म्हणाले की मी मनातून सुटले आणि त्याच वेळी मला स्वतःचीच चीड आली. चार पेपर तसेच गेले. मी पोरींच्या घोळक्यात, ते लांब सायकलस्टँडपाशी, पांढरा सदरा आणि टोपी घालून, एकटे वही वाचत. आमची नजर भेटायची आणि ते दुसरीकडे बघायचे. दिला शब्द पाळायचे.

भूमितीच्या दिवशी आमची गाडी उशिरा आली. मी पळत फाटकातून आत शिरले तर आमच्या वर्गातला अर्धा घोळका सायकलस्टँडपाशी गोळा झालेला. मधे आण्णा उकिडवे बसलेले. त्यांनी छत्री जमिनीवर तिरकी धरली होती आणि संगीता त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून विचारत होती, “पण काका, उणे हाय ते वळकायचं कसं?”

“डावीकडनं चालत यायचं. दम लागला तर अधिक, पाय आपसूक पळायला लागलं तर उणं. आकड्याकडं नंतर बघ. आधी पायाला इचार.”

“अन् हिच्यावर बिंदू हाय का नाय, ते?”

“ठिव तिच्यात आन् बघ. जुळलं तर हाय.”

पोरी माना डोलावत होत्या. एकीनं छत्री हातात घेऊन स्वतः तिरकी करून बघितली. कुणालातरी मी दिसले. “मनीषा, ये ना इकडं! हे काका बाहेरून बसलेत. लई भारी सांगतात. सरांनी पण असं नव्हतं सांगितलं.”

आण्णांनी मला बघितलं आणि पटकन उठले. छत्री उचलली, वही काखेत मारली. “चला, घंटा व्हईल,” असं म्हणत ते तिथून निघायलाच लागले. माझ्यासाठी निघाले होते ते. दिलेल्या शब्दासाठी.

“आण्णा, थांबा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. संगीता वळून बघायला लागली. “हे माझे वडील आहेत. मलाही यांनीच शिकवलं.”

 मला वाटलं, आता हसतील. संगीतानं तोंडाचा चंबू केला आणि म्हणाली, “आणि तू हे वर्षभर एकटीच वापरत व्हतीस? चांगली मैत्रीण हायस!” सगळ्या हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. आण्णांनी टोपी काढली, उगीचच झटकली आणि परत घातली. त्यांना कुठं बघावं ते सुचत नव्हतं. मग ते शेवटी माझ्याकडेच बघायला लागले. तेवढ्यात घंटा झाली.

पेपरात सरळ रेषेचा प्रश्न होता, उतरत्या रेषेचाच. मी लिहिताना मनातल्या मनात डावीकडून चालत आले. त्याच इमारतीत, दोन वर्ग पलीकडे, आण्णाही त्याच रेषेवरून चालत असतील असं वाटलं आणि इतकं बरं वाटलं की मी क्षणभर पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघितलं.

परत जाताना मी गाडी सोडून दिली आणि सायकलच्या कॅरियरवर बसले. हातात प्रश्नपत्रिका धरून एकेक उत्तर जुळवत आम्ही निघालो. “तिसऱ्याचा क काय आला?” “उणे तीन.” “माझंबी उणं तीन!” आण्णांनी आनंदानं एवढी जोरात घंटी वाजवली की पुढं चाललेली बाई रस्ता सोडून बांधावर चढली. वारूळवाडीच्या एका शेडमध्ये द्राक्षाच्या पेट्या भरत होते. तिथल्या ओळखीच्या माणसानं थांबवून विचारलं, “काय पावणं, कुठं गेलता बापलेक?”

“परीक्षेला,” आण्णा म्हणाले. “दोघंबी.”

त्यानं आधी नुसती मान हलवली, मग एकदम कळून पेटीतला मोठा घड उचलून माझ्या मांडीवर टाकला. राहिलेला रस्ता आम्ही द्राक्षं खात आणि बिया थुंकत संपवला. चढ आला की मी उतरायची, चालायची. उतार आला की बसायची. आण्णा पायडल सोडून द्यायचे आणि ओरडायचे, “उणं!”

जूनमध्ये निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला. आण्णा पंचेचाळीस टक्क्यांनी पास झाले आणि त्यात सगळ्यात जास्त गुण भूमितीत होते. कालवा निरीक्षकाची ऑर्डर यायला पुढं दोन वर्षं लागली आणि त्यांना डिंभ्याच्या कालव्यावर आंबेगाव तालुक्यात पाठवलं, पण ती आली. ऑर्डरच्या दिवशी पेढे वाटले, फोटो काढला, सगळं रीतसर झालं. मला मात्र आठवतो तो गुणपत्रिका मिळालेला दिवस.

शाळेतून बाहेर पडल्यावर आण्णा मला स्टँडसमोरच्या हॉटेलात घेऊन गेले. दोन मिसळी सांगितल्या. गुणपत्रिका टेबलावर ठेवायला ते तयार नव्हते, रस्सा सांडेल म्हणून. ती त्यांनी मांडीवर रुमाल पसरून त्यावर ठेवली होती. मला वाटत होतं, आता ते नोकरीचं बोलतील, माझ्या पुढच्या शिक्षणाचं बोलतील. नात्यातली माणसं म्हणत होती, पोरीला आता आर्ट्सला घाला, बारावीनंतर डीएड करून मास्तरीण होईल, लवकर सुटेल. मला सायन्स घ्यायचं होतं आणि ते कसं काढावं हे मी मिसळीत चमचा फिरवत शोधत होते.

आण्णांनी पाव मोडला.  मग टेबलावर वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्यांनी मला विचारलं,

“मने, अकरावीत सरळ रेघंच्या फुडं काय येतं?”

“वर्तुळ येतं, आण्णा. पण ते सायन्सला. आणि पुस्तक इंग्रजीत असतं.”

“आसू दे,” आण्णा म्हणाले. “तू वाचून सांग. मी काढून दावतो.”